पावणेसहा

सायबरच्या पोरानं विचारलं, काका, संशय नाही का आला कधी?
चांगला पोरगा. माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवला.
मी म्हटलं, लिही.
जिनपाल बाबगोंडा चौगुले, वय सदुसष्ट,
सांगलीच्या यार्डात चाळीस वर्षं हळदीची अडत.
हळकुंड मोडल्याच्या आवाजावरून सांगायचो
माल कुणाच्या रानातला, किती उकडलेला.
रुमालाखाली हात धरला
की समोरच्याच्या बोटांआधी त्याचा घाम बोलायचा.
हे त्यानं लिहिलं नाही. रकाना नव्हता.

पहिल्या आठवड्यात तिनं रात्री नऊला विचारलं, जेवलात का?
मी कळवलं, आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो.
दुसऱ्या दिवसापासून
पावणेसहाला फोन थरथरायचा ताटाशेजारी.
पद्मा गेल्यावर ही वेळ
माझ्याशिवाय कुणालाच पाठ नव्हती.
मुलगा हिंजवडीत. सून चांगली आहे.
रविवारी व्हिडिओवर दिसतात दोघं, अर्धी अर्धी.

नंदिता. टोरांटोत नर्स.
तीन महिने काही मागितलं नाही.
गिऱ्हाईक घाई करत नसलं
की विकणाऱ्याचाच हात सैल सुटतो,
हे मी किती पोरांना शिकवलं यार्डात.
मग आठ हजार. ते परतही आले, वर माफी.
मग ऐंशी. मग कस्टममध्ये अडकलेली पेटी,
आणि 'कुणाला सांगू नका, लोक हसतील.'
लोक हसतात, हे खरंच होतं.
स्क्रीनला घाम येत नाही.

हरिपुरात पेव उघडलं की आधी कंदील सोडतात आत.
विझला, तर माणूस उतरत नाही.
मीही सोडला. तीनदा.
आवाज ऐकव म्हटलं, तर तिचा माईक बिघडलेला.
फोटोतल्या खिडकीत बर्फ, आणि ती म्हणे उकडतंय.
तिसरा मी वर ओढून पाहिलाच नाही.
म्हटलं, वाऱ्यानं विझला असेल.
पेवात वारा नसतो,
हे बापानं मला सातव्या वर्षी सांगितलेलं.

तर संशय आला होता, बाळ.
मीच त्याला उंबऱ्याबाहेर बसवलं, चपलांपाशी.
तो आत आला असता
तर पावणेसहा म्हणजे नुसते पावणेसहा वाजले असते.

अकरा लाख चाळीस हजार. आकडा मी खणखणीत सांगितला.
बाई नसावी ती काका, तो म्हणाला,
कुठल्यातरी खोलीतला पोरगा असेल, शंभर जणांशी बोलणारा.
पुढ्यात यादी. कोण विधुर, कुणाला शुगर.
असेल.
मला एवढंच विचारायचं होतं,
की त्या यादीत माझ्या नावापुढे
'दिवस मावळायच्या आत' असं
कुणीतरी हातानं लिहिलं असेल ना?
विचारलं नाही. सही केली.

बाहेर उन्हं कलली होती.
रिक्षावाल्याला म्हटलं, वखारभाग.
जरा लवकर घे,
जेवायची वेळ होईल.