होडीचे चौदा

दोन संख्यांची बेरीज साठ,
फरक चौदा. तर त्या संख्या कोणत्या?
नववी ब. तीन गुण.

यतीश नाखवानं लिहिलंय: सदतीस आणि तेवीस.
एवढंच. खाली पान कोरं,
कोपऱ्यात खवल्यासारखं काहीतरी चिकटलेलं,
नखानं काढलं तर निघेना.

नेरूळला, सेक्टर अठ्ठावीसमध्ये,
जेवणाच्या टेबलावर मी गठ्ठा सोडून बसलेय.
एका हाताला गार चहा.
यतीशच्या पुढच्या बाकावर प्रेरणा म्हात्रे,
तिचंही उत्तर सदतीस, तेवीस,
पण तिच्याकडे क्ष आहे, य आहे,
समीकरण एक, समीकरण दोन,
दोहोंची बेरीज करून दोन क्ष बरोबर चौऱ्याहत्तर,
तीन टिंबांचे 'म्हणून' एकाखाली एक,
जिन्यावर चपला काढून ठेवाव्यात तसे.

मी यतीशच्या पानावर लाल पेनानं लिहिलं: पायऱ्या?
आणि तीनातला एक दिला.
न लिहिलेलं वाक्य वेगळं होतं:
कोणाचं पाहिलंस?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला थांबवलं.
"कसं आलं उत्तर?"
"आलं."
"आलं म्हणजे? आभाळातून पडलं?"
तो बुटाच्या टोकानं फरशीची फट कोरत राहिला.
मग एकदम, श्वास न घेता,
"बाई, पयले होरीचं चवदा बाजूला काराचं.
मंग उरलं शेचाळीस, त्याचं दोन वाटं, तेवीस तेवीस.
मंग होरी ज्याची, त्याला त्याचं चवदा देवाचं.
झालं ना?"

झालं.
बावीस वर्षं मी फळ्यावर य उडवतेय,
अधिक य, उणे य, डस्टरचा एक फटका,
आणि चौदा कोणाचे
हे मला कोणी विचारलं नाही.
मीही कुणाला नाही.

"घरी वाटे कोण घालतं?"
"आई. दिवाळ्याच्या जेट्टीवर. पप्पांचा न् गजाकाकाचा."
"आणि होडी?"
"काकाची. पयले आमची व्हती."
जरा थांबून म्हणाला,
"तवा सदतीस आमचं व्हतं."

मी पेपर मागून घेतला. एकाचे तीन केले,
बाजूला सही केली, मुख्याध्यापकांना लागते म्हणून.
आणि तरीही खडू त्याच्या हातात दिला.
पुढच्या वर्षी बोर्डाचा पेपर तपासणारा
कुठल्या गावचा असेल कोण जाणे,
त्याच्या गावाला खाडी असेलच असं नाही.
लिही, म्हटलं. एकेक पायरी. त्याला दिसली पाहिजे.

त्यानं लिहिलं, अक्षर वर चढत जाणारं:
समजा, होडीचे = चौदा.
'समजा'च्या पुढे स्वल्पविराम. तो मात्र मी शिकवलेला.
क्ष लिही, असं सांगायला तोंड उघडलं
आणि राहू दिलं.

साठ वजा चौदा. भागिले दोन. अधिक चौदा.
खडू मोडला, त्यानं उरलेला तुकडा वापरला.

घंटा झाली. दाराशी जाऊन तो वळला.
"बाई, फरक शून्य असला तर?"
"तर दोन्ही संख्या सारख्या. तीस, तीस."
"मंग होरी कोनाची?"

दोघांची, मी म्हटलं,
गणिताच्या बाईंना शोभेल अशा आवाजात.

त्यानं मान हलवली, मला वाईट वाटू नये इतपत.
"तशी होरी मी बगितली नाय, बाई."