कब्जा

डिचोलीत, मामलेदार कचेरीच्या समोर
माझं टेबल. टेबलावर काच,
काचेखाली सुट्ट्यांची यादी, वाळपईच्या बशींच्या वेळा
आणि वकील म्हांब्र्यांचं पिवळं पडलेलं कार्ड.
काचेवर नवा लॅपटॉप.
सोमवारी आणला. झाकणावरचं प्लास्टिक
अजून मी काढलेलं नाही.

टायपिंग करते मी. एकवीस वर्षं.
अर्ज, मुखत्यारपत्रं, प्रतिज्ञापत्रं,
एक-चौदाच्या उताऱ्यात नाव चुकलंय, कृपया दुरुस्त व्हावं.
बोटं मला विचारत नाहीत,
मी बोटांकडे बघत नाही.

आणि हा नवा
मध्येच बाण उडवतो.
मी लिहिते ‘सदर घर’,
तर ‘सदर’ इथे उरतं आणि ‘घर’
मागच्या खिडकीत जाऊन पडतं,
तिथे विजेचं बिल उघडं असतं,
नाहीतर नणंदेचा चॅट.
मंगळवारी तिला सर्व्हे नंबर गेला,
पोटविभागासकट.
तिनं अंगठा पाठवला.

खिडकी समोरच असते.
फक्त तिच्या माथ्यावरची पट्टी
किंचित फिकी होते, एवढंच.
नाव एकाचं, कब्जा दुसऱ्याचा,
हे मी दिवसातून चारदा टाइप करते,
माझ्याच टेबलावर घडेल असं वाटलं नव्हतं.

टचपॅड बंद केलं.
बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या.
काच चकाकते म्हणून माउसखाली
फायलीचा पुठ्ठा सरकवला.
रीस्टार्ट. परत रीस्टार्ट.
माउस उलटा करून फुंकर मारली,
डोळ्यात कण गेल्यावर मारतात तशी.
दुकानातून क्लिफर्ड आला, हेल्मेट न काढता
ड्रायव्हर उडवला, ड्रायव्हर घातला,
अर्धा तास बाण शहाण्या मुलासारखा बसला.
‘तुमचेंच बोट लागता आसतलें, मॅडम.’
तो गेला. स्कूटरचा आवाज विरायच्या आत
बाण सुटला.

गुरुवारी भिकी मळीक आली, व्हाळशीहून चालत.
मुंडकाराचं प्रतिज्ञापत्र.
भाटकार मडगावात, घर त्याच्या काजूंमध्ये.
कधीपासून राहता? मी विचारलं.
टेबलावर दोन्ही हात टेकून ती आठवू लागली
आणि बाण धावला.
मी सॉरी म्हटलं. कुणाला, कोण जाणे.
सासरे कधी वारले?
तिनं पुन्हा भार टाकला. पट्टी फिकी.

‘हांव हात लायतां तेन्ना तो धांवता,’ ती म्हणाली.

तिला वाचता येत नव्हतं,
म्हणून ती नुसती बाणाकडे बघत होती.
मी चार दिवस सेटिंग वाचत होते.

खण ओढला.
शिक्क्यांच्या पेटीखाली जुना माउस,
पोटाखाली तांबडा उजेड, जिवंत.
डाव्या बटणावर पेटीचा कोपरा.
त्याचं नखाएवढं डोंगल जुन्यातून काढून
नव्यात मीच खोचलं होतं,
जागा रिकामी दिसली म्हणून.
टेबल हललं की तो आत, अंधारात,
जरासा सरकायचा, दाबला जायचा
आणि आपला हक्क सांगायचा.
त्याला जा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

डोंगल उपटलं. सेल काढला.
मग लिहिलं, एका दमात, एकाच खिडकीत:
सदर घरात मी माझ्या सासऱ्यांच्या हयातीपासून
उघडपणे, अखंड,
कुणाच्याही हरकतीविना.
‘हरकतीविना’पाशी नजर
उघड्या खणाकडे गेली.

शाईचं पॅड पुढे केलं.
भिकीनं सगळं वजन टेबलावर टाकलं,
काच कुरकुरली,
बाण होता तिथेच.
‘मेलो?’ तिनं विचारलं.
नाही हो, म्हटलं, आता एकाचंच ऐकतो.

तिनं अंगठ्याची उरलेली शाई
माझ्या टेबलाच्या कडेला पुसली.
मी काही बोलले नाही.