पेन्सिलच्या रेघा

चियातुराच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
माझ्या खोलीची भिंत पेन्सिलच्या रेघांनी भरलीय.
बोटं भिंतीवरून कोळ्यासारखी चढवायची,
थांबतील तिथे मी रेघ मारते, तारीख घालते.

एल्गुजाच्या पाच आठवड्यांच्या पाच तारखा
एकाच रेघेवर आहेत.

वय त्रेसष्ट. एकतीस वर्षं रोपवेचा खटका ओढला,
खाणीतली माणसं वर नेली, खाली आणली.
उजवा खांदा फेब्रुवारीपासून धरलेला.
एक्स-रे स्वच्छ. साखर नाही. गोळ्या दोनदा बदलून झाल्या.
म्हणतो, मेजवानीत आता प्याला तोंडाशी येत नाही,
तोंडच प्याल्याशी नेतो, बदकासारखं.
आणि हसतो. हसताना सगळं अंग हलतं,
तो खांदा सोडून.

आज त्याला उताणा झोपवून हात हातात घेतला.
‘सोडा,’ म्हटलं, ‘मी धरलाय.’
‘सोडलाय की.’
सोडला नव्हता. माझ्या तळव्यांवर वजनच नव्हतं.
हात अधांतरी, स्वतःच स्वतःला धरून,
कुणीतरी हाक मारील म्हणून तयार राहिल्यासारखा.

मी काही विचारलं नाही. खरं तर घड्याळ बघत होते.
छताकडे बघत तोच बोलला.
ग्रिगोल गेला फेब्रुवारीत. थोरला.
अक्रोडाच्या एका झाडावरून बारा वर्षं अबोला.
झाडही वठलं मधल्या मधे.
पेटी जिन्यातून उतरवायला सहा जण लागतात,
पाचच होते. खालून कुणीतरी हाक मारली, नावाने.
मी पडद्याआड उभा.
शेजारच्या पोराने दिला खांदा,
सतरा वर्षांचं पोर, बर्फात पाय घसरत होता त्याचा.

मग गप्प झाला. नाक ओढलं.
आणि त्याचा हात माझ्या हातात आला.
भलता जड. मला दुसराही हात लावावा लागला.

भिंतीशी उभा केला. दोन बोटं वर, बस.
पुढच्या आठवड्यात एखादं बोट खालीही येईल.
फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना असतो.
लिहिलं: सांध्याच्या आवरणाला सूज.
खोटं नाही ते.

रात्री मी दात खाते, असं नवरा सांगतो.
सकाळी जबडा उघडत नाही,
पाव चहात बुडवून चघळते.
विचारलं कुणी तर म्हणते, नदीवरची थंड हवा.
बहिणीचा नंबर
अजून तोंडपाठ आहे.