दोरी रिकामी दिसली म्हणून

आमच्या विहिरीच्या पाण्यात लोखंड आहे.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला पांढरं काही
फार दिवस पांढरं राहत नाही,
चहाच्या रंगावर येऊन थांबतं.
ब्रायडी म्हणाली, येऊ दे.
ती फेरीबोटीवर, चार दिवस तिकडे, तीन दिवस इकडे.
मी घरी, कोपरापर्यंत बाह्या दुमडून.

आधी गार पाणी.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्याच आठवड्यात उकळतं ओतलं
आणि डाग कापडात कायमचा शिजवून ठेवला.
अजून आहे तो एका लंगोटाच्या कोपऱ्यात,
नकाशात नसलेल्या बेटासारखा.

गार, मग कढत, मग पुन्हा गार,
फेस उरला तर पोरीच्या मांड्या लाल होतात.
कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी तर नकोच,
त्यानं कापड इतकं लाडावतं
की ओल प्यायचं विसरून जातं.

हेडली स्टकलेस, शेजारी, एकोणऐंशीचा,
कॉडला मीठ चोळता चोळता स्वतःच वाळलेला.
कॉड संपला, त्याचे वाळवणाचे माच
तेव्हापासून उघडेबोडके उभे आहेत.
कुंपणाशी थांबून एकदा म्हणाला,
पोट उन्हाकडे, पाठ रात्रीकडे.
माशाचं सांगतोस की लंगोटाचं?
म्हणाला, फरक काय.

फेब्रुवारीत दोरीवर लंगोटांच्या फळ्या होतात.
कप्पी ओढली की खडखडत येतात.
बगलेत मारून आत आणायच्या,
चुलीजवळच्या भिंतीला टेकवून उभ्या करायच्या.
युना समोर फतकल मारून बसते,
कोण आधी वाकतो ते बघत.
एकानं मान टाकली की टाळ्या.

मग जुलै.
तीन दिवस दोरी रिकामी.
चौथ्या सकाळी दारात हेडली,
एका हातात माशाच्या रश्श्याचं पातेलं,
दुसऱ्यात टोपी. ये म्हटलं तर आत येईना.
पोर बरी आहे ना?

त्याच्या स्वयंपाकघरातून आमचं घर दिसत नाही,
फक्त दोरी दिसते.
मंगळवारी अठरा, शुक्रवारी बावीस,
दोन वर्षं मोजत होता म्हणे.
मला कधी बोलला नाही.

एवढ्यात मागून युना आली,
कमरेखाली उघडी, एका पायात बूट,
पॉटी डोक्यावर उपडी घालून.

हेडलीनं तिच्याकडे बघितलं,
मग पॉटीकडे, मग टोपी चढवली.
बराच वेळ रश्शाला वाफ येत होती.
मग आता त्यांचं काय करणार, म्हणाला.
एक मला दे. इंजिनचं तेल पुसायला.

गठ्ठ्यातून त्यानं बेटवालाच उचलला.

संध्याकाळी पाहिलं तर
तेल वगैरे काही नाही,
रिकाम्या माचावर एकच चौकोन पसरलेला,
चार कोपऱ्यांवर चार दगड,
पोट उन्हाकडे.