कार्ड क्रमांक एकेचाळीस

ला शो-द-फाँच्या त्या शाळेत चित्रकलेची खोली
गुरुवारी दुपारी आम्हाला मिळायची.
एक स्टोव्ह, दोन ठेंगण्या खुर्च्या,
आणि माझ्या मांडीवर कार्डांचा खोका.
प्रश्न ठरलेले, जिनिव्हाहून छापून आलेले:
स्वप्न कुठून येतं?
पडतं तेव्हा कुठे असतं?
शेजारी बसलेल्याला दिसेल का ते?

झेली म्हणाली, उशीतून येतं,
म्हणून मी उशी उलटी करून झोपते.
एकानं मलाच विचारलं,
पडतं, तर त्याला लागत कसं नाही?

आमच्याकडे तीन पायऱ्या होत्या.
पहिली: स्वप्न बाहेर, खोलीत, खुर्चीसारखं.
दुसरी: येतं डोक्यातून, पण उभं राहतं डोळ्यांपुढे.
तिसरी: आतल्या आत. दुसऱ्या कुणाचं त्यात काही नाही.
तिसरीवर मूल साधारण आठव्या वर्षी पोचतं.

नुमा साडेपाचचा. मोजे दोन रंगांचे.
स्वप्न हिरवं असतं, म्हणाला.
कुठे असतं?
आईच्या बोटांवर. थोडं ओठांवर.
कधी येतं?
दिवा मालवला की. ती पांघरूण सारखं करते तेव्हा हलतं.
आणखी कुणाला दिसतं?
बाबांना दिसायचं. ते आता ब्येनला राहतात.
तू झोपलेला असतोस की जागा?
बराच वेळ विचार केला त्यानं, नाकानं सूं सूं करत.
डोळे उघडे असले की जास्त दिसतं.

मी लिहिलं: पहिली पायरी. स्वप्न आणि वस्तू यांत भेद नाही.
निखालस उदाहरण.
'निखालस'खाली रेघ मारली, ती आठवते मला.

झुरिकचे डॉक्टर एग्लोफ शनिवारी यायचे.
पायऱ्याबियऱ्या त्यांना पोरखेळ वाटायचा.
कार्ड वाचलं, पाइप ठोकून रिकामा केला:
बाप घराबाहेर, ओठ, बोटं, अंधार,
अहो, मूल तर सगळं कबूलच करतंय.
अर्थ इतका घट्ट बसला
की मीही मान हलवली.

मार्चात त्याचा एक हातमोजा खोलीत राहिला.
द्यायला गेले. चौथा मजला, उत्तरेची खिडकी,
खिडकीशी टेबल, ट्रेमध्ये घड्याळांच्या शे-दीडशे तबकड्या.
नुमाची आई एलियान आकडे भरत होती,
रात्री वाचता यावेत असे आकडे.
कुंचला बोथटला की ओठांत धरायची,
टोक काढायची, आणि पुढचा चार, पुढचा पाच.
बोलताना गालाला हात. दाढ दुखतेय, म्हणाली,
या गावची थंडी हाडात शिरते.
बोलता बोलता अंधारलं.
थांबा, दिवा लावते, म्हणत ती उठली,
आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
दहा हिरवे ठिपके चालत गेले,
वर एक पुसट, तोंडाच्या उंचीवर.

दाराआडून नुमा म्हणाला, दिसलं?

दिसलं, मी म्हणाले.

कार्ड मी बदललं नाही.
कुठल्या पायरीवर ठेवणार होते ते?
तक्त्यात मुलाचं चुकणं धरलेलं होतं,
आमच्यासाठी रकाना नव्हता.

अडीच वर्षांनी पुन्हा तीच मुलं, तेच प्रश्न.
नुमा आठचा. खुर्ची त्याला पुरेना.
स्वप्न कुठे असतं?
डोक्यात.
दुसऱ्या कुणाला दिसेल?
नाही. फक्त मला.
झटझट, पाढे म्हणावे तसं.
तिसरी पायरी, अगदी वेळेवर. मी लिहून घेतलं.
बाहीवर काळी पट्टी होती, एका बाजूनं उसवलेली.
मोजे दोन्ही एकाच रंगाचे,
आत्यानं विणलेले, तो म्हणाला,
मी विचारलं नसताना.

छापील यादीत पुढचा प्रश्न नव्हता.
मी तरी विचारला: रंग कोणता असतो?
त्यानं स्टोव्हकडे पाहिलं,
मग माझ्या हातांकडे,
बोटं एकेक करून, दहाही.