मोजणी

ऐंशी साली करावे गावाच्या खारात
मी साखळी ओढली आहे.
बावीस वर्षांचा भूकरमापक, पायात गमबूट,
मागे खुंट्यांची मोळी घेऊन बामा.
ओहोटी लागली की कामाला लागायचं,
भरतीच्या आत बांधावर.
जिथं साखळी चिखलात बुडत गेली
तिथं नकाशावर ठिपके दिले
आणि रकान्यात लिहिलं, पोटखराबा.

शब्द माझा नव्हता, सरकारी होता.
त्या चिखलावर तेव्हाही पाखरं होती म्हणतात.
मला आठवत नाहीत.
आठवतं ते एवढंच, की खुंटी ठोकली
की काहीतरी बारीक, करडं, टिवटिवत उठायचं
आणि पुढच्या खुंटीवर जाऊन बसायचं.

आता गुडघे गेलेत, डोळे शाबूत.
नेरुळला सातव्या मजल्यावर राहतो.
खालच्या जमिनीचा गट नंबर मला पाठ आहे,
सोसायटीत कुणाला सांगत नाही.
जानेवारीत, पंचांगात उधाण बघून,
नातीची दुर्बीण गळ्यात घालून तळ्याच्या बांधावर येतो.
उधाणाला खाडीतला चिखल बुडतो,
तेव्हा सगळी आत येतात, पाय टेकायला.

मोजायची एक रीत आहे.
आधी दहा मोजायची, बोटांवर.
मग त्या दहांचा आकार डोळ्यात धरून
थव्यावर ठेवत जायचं,
साखळी ठेवत गेलो तसंच, एकापुढे एक.
शेकाटे सोपे, लाल काड्यांवर उभे.
पाणटिवळे चोच पाठीत खुपसून झोपतात,
एका पायावर. पाय मोजू नयेत.
रोहित पलीकडच्या कडेला, मान कुणाची, पाय कुणाचे,
नीट लागत नाही.
चिखल्या सगळ्यात वाईट.
ओला दगड म्हणून सोडून दिलेला
चालू लागतो.

बाराशे चाळीसवर होतो
आणि भोवत्या आला.
धान्य पाखडावं तसं तळं एकदा वर गेलं
आणि वेगळंच खाली आलं.
पुन्हा एकपासून.

चांगुणाबाय बांधावर बसली होती,
लुगडं गुडघ्याशी, निवट्यांची टोपली रिकामी,
ओहोटीची वाट बघत.
मला ओळखते. तिच्या सासऱ्याचं मिठागर मोजलं होतं मी,
त्यांच्याच घरचा चहा पिऊन.
"काय करतस?"
पाखरं मोजतोय, म्हटलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"नको मोजू बाबा.
तू मोजलास ता गेला."

मी तिला समजावू लागलो.
अर्जाला आकडा लागतो. तारखेला आकडा लागतो.
आकड्याशिवाय पाखरू कागदावर उतरत नाही.
ऐकून घेतलं तिनं. मग उठली. चल.

कोपऱ्यात, तिवरांच्या मुळांशी,
भरतीचं पाणी आत घेणारा नळ.
तोंडात डेब्रिज, सिमेंटच्या गोण्या,
कुणाच्या तरी बाथरूमची निळी फरशी.
बोटभर पाणी येत होतं.
"पयले या मोज."

टेप अजून खिशात असतो.
नळाचं तोंड नव्वद सेंटिमीटर. बुजलेलं ऐंशी.
वहीत लिहिलं. शेऱ्याच्या रकान्याशी हात थांबला.
पोट खरं होतं.
खराबा मी लिहिला.

गोण्या दोघांनी ओढल्या. तीन निघाल्या.
चौथी माझ्याच्यानं हलेना,
तिनं टाच लावून फिरवली.
पाणी आलं. फार नाही,
आजारी माणूस पितो तसं, घोट घोट.
निळी फरशी तिनं धुऊन टोपलीत ठेवली,
चुलीपुढं होईल म्हणाली.

दुपारी ओहोटी लागली.
थवे खाडीकडं निघाले, खालून, अगदी डोक्यावरून,
पंखांचा आवाज येण्याइतके.
ती चिखलात उतरली, मांडीपर्यंत,
आणि तिथूनच मान न वळवता विचारलं,
"किती झाली रं?"

वहीत दोन हजार एकशे साठ होती,
दोनदा तपासलेली, खाली सही, तारीख.

मोजायचीत अजून, म्हटलं.