वाऱ्याच्या गावातली चाचणी

पुंता अरेनासच्या वाचनालयात आठ संगणक आहेत,
सगळे दान आलेले, सगळ्यांच्या पंख्यांना दमा.
रविवारी दार आतून लावून
यास्ना मिमित्सा त्यांच्यावर ब्राउझर घालून बघते,
आधी दोन, मग कुणीतरी सुचवलेला तिसरा.
तिघांचाही कोड उघडा. वाटेल त्यानं वाचावा.
(कोण वाचतं? असं ती वहीच्या कोपऱ्यात लिहिते
आणि त्याभोवती गोल काढते.)

पहिला पापणी लवायच्या आत उघडतो.
सगळ्यांना एकाच ओसरीवर बसवतो:
बँक, हवामान, लोकरीचा भाव
आणि गाव न सांगणारी एक जाहिरात.
मध्ये भिंती नाहीत, म्हणून धावायला मोकळं.

दुसरा प्रत्येक पाहुण्याला वेगळी खोली देतो,
खोलीला कडी, कडीवर पहारा.
पण दोन जीबी मेमरीत
एवढी बिऱ्हाडं थाटायची कशी?
सात नंबरचं यंत्र नवव्या टॅबला धापा टाकतं,
अकराव्याला नुसतं बघत राहतं.

तिसरा दुसऱ्याच्याच कोडातून फुटलेली फांदी.
हलका, देखणा, जाहिरातींना उंबऱ्यावरूनच परत धाडणारा.
मात्र मूळ झाडावर औषध फवारलं
की फांदीपर्यंत यायला अकरा दिवस.
भोक चारचौघांत जाहीर,
ठिगळ अजून वाटेत.
अकरा, यास्ना लिहिते. खाली दोन रेघा ओढते.
कुंपणानं शेत खायलाच हवं असं नाही,
नुसतं उशिरा उठलं तरी पुरे.

सोमवारी दोन्या एडेलमिरा उलोआ येते.
मुलगा खेकड्यांच्या बोटीवर, दक्षिणेला.
मुलाचे पैसे बँकेत आले का, एवढंच बघायचं असतं.
सातवर बसते, कारण खाली हीटर आहे.
एक पूर्णांक नऊ सेकंद की तीन पूर्णांक चार,
यास्नाच्या तक्त्यातली ही लढाई
तिच्या गावीही नसते.
एकेक अक्षर शोधायला तिला आठ सेकंद लागतात.
मग ती पर्समधून चिठ्ठी काढते
आणि पासवर्ड खणखणीत आवाजात वाचते,
मोठं एम, लहान ए, मांजराचं नाव, जन्मसाल.
वर्तमानपत्रामागचे दोन म्हातारे मान हलवतात.
त्यांना तो मार्चपासून पाठ आहे.

तक्त्यात याला रकाना नाही.

दुपारी शाळा सुटते. बाल्तासार, वय बारा,
खुर्ची मागे झुकवून म्हणतो,
काकू, हे रांगतंय.
रांगू दे, ती म्हणते.
पडलं तर लागणार नाही.
हे बोलताना तिचं तिलाच फारसं पटत नाही.

रात्री घरी ती दुसऱ्याचा कोड उघडते.
उघडा आहे ना, मग बघूया.
चाळीस ओळी वाचते, तीनच कळतात,
पण मध्येच कुणा अनोळखी माणसानं लिहून ठेवलंय:
इथं हे दोनदा का तपासावं लागतं, मला माहीत नाही.
एकदा काढून पाहिलं. कृपा करून काढू नका.
ती बराच वेळ त्या ओळीपाशी थांबते.
बाहेर वारा पत्रे मोजत असतो.

मंगळवारी सात यंत्रांवर दुसरा.
आठव्यावर पहिला, बँकेची पानं बंद करून,
बाल्तासारच्या नावानं.
तिसऱ्याला ती कळवते, अकराचे दोन करा, मग बोलू.
आणि नकाशांचं जड कपाट
एकटीच ढकलत, लाकडी जमिनीवर चरे पाडत,
सात नंबरची खुर्ची आणि म्हातारे यांच्या मध्ये आणते.

संध्याकाळी चौकात वारा ताशी शंभरच्या वर.
नगरपालिकेनं कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधलेत.
समोरून दोन्या एडेलमिरा येतेय,
दोर न धरता, पर्स छातीशी घट्ट,
पावलागणिक तिरकी होत.
अहो, दोर! यास्ना ओरडते.
म्हातारी हसते, काहीतरी म्हणते,
वारा ते मधल्यामध्ये उचलून नेतो.